तुऱ्हाटीची काडी

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, शिरड शहापूरच्या शिवारात हळद शिजवणारे महेबूबभाई यांनी कॅमेऱ्यासमोर हळदीचा वास घ्यायला नकार दिला. दुपारी चित्रीकरण थांबलं. रमजान चालू होता. हजर असलेल्या सगळ्यांनी नकाराचं कारण रोजा असं धरलं. ते कारण चुकीचं होतं.

यंदाची हळद निघायला लागली आहे. पाला कापून झालेल्या वाफ्यांत ट्रॅक्टर फिरतो, मागून बाया गड्डे वेचतात, मोडतात, हळकुंडं वेगळी काढतात. औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून सकाळी निघालं की शिवारात जागोजागी पांढरे ढग जमिनीवर बसलेले दिसतात. ती कुकरची वाफ असते. या महिन्यात कुत्र्यांचे पाय पिवळे असतात. शेळ्यांची तोंडं पिवळी असतात. दहावीची परीक्षा याच दिवसांत येते, आणि एका केंद्रावरच्या पर्यवेक्षक बाईंनी एकदा सांगितलं होतं की उत्तरपत्रिकेच्या कडेला पिवळा अंगठा उमटला असेल तर त्या पोरीला पुरवणी द्यायला त्या स्वतः उठून जातात, कारण ती पहाटे शेतात जाऊन आलेली असते.

मी जिल्ह्याच्या बातम्या वीस वर्षं लिहिल्या. नंतर एक कादंबरी लिहिली, आणि गेली दोन वर्षं त्या कादंबरीची पटकथा लिहीत होतो. कादंबरी हळद शिजवणाऱ्या माणसाची आहे. तो माणूस महेबूबभाईंवरून घेतला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी ते कधी नाकारलं नाही.

शिजवणं हे हळदीच्या कामातलं सगळ्यात थोड्या वेळाचं आणि सगळ्यात धोक्याचं काम. नऊ महिन्यांचं पीक एका तासाच्या हाती असतं. कच्ची राहिली तर आतून पांढरी निघते, पॉलिशच्या ढोलात तुटते, पुढे कीड धरते. जास्त झाली तर फुटते, रंग काळवंडतो. पूर्वी मोठ्या कढईत शिजवायचे. आता चाकांवरचा कुकर असतो: मधे पाण्याची टाकी, खाली जाळ, बाजूला चार ड्रम, टाकीतली वाफ नळ्यांनी ड्रममध्ये जाते. हळद शिजली की शिजवणारा एकच शब्द बोलतो. "झाली." मग ड्रम उलटा होतो आणि वाफाळलेला पिवळा ढीग खळ्यावर पसरतो.

शिजवणारा म्हणेपर्यंत तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही. शेतमालकानेही नाही. हा त्या शिवारातला रिवाज आहे. जाळ पेटलेला असताना जेवण झालं का, असं कुणी विचारत नाही. जेवलात का, असं विचारतात. एकदा एका पाहुण्याने मोबाइलवर बोलताना मोठ्याने "हो हो, झाली!" म्हटलं, तेव्हा दोन गड्यांनी ड्रमला हात घातला होता. महेबूबभाई ओरडले, "लग्न झालं आसंल त्याहिच्याकडं! हळद न्हाई!" ही ओळ कादंबरीत आहे आणि पटकथेतही टिकली.

कादंबरीचं पाचवं प्रकरण वासाचं आहे. त्यात नायक कुकरपासून दहा पावलांवर डोळे मिटून उभा राहतो. कच्च्या हळदीचा वास मातीचा असतो, तो हळूहळू गोडसर होत जातो, आणि एका क्षणी त्यात ओल्या गवतासारखं काही मिसळतं. त्या क्षणी तो "झाली" म्हणतो. वाचकांची पत्रं आली ती बहुतेक याच प्रकरणावर. निर्मात्याने हक्क घेतले ते याच प्रकरणासाठी, असं दिग्दर्शक अनुजाने पहिल्याच भेटीत सांगितलं.

पटकथेत "त्याला आठवलं" असं लिहिता येत नाही. "त्याला वाटलं" असंही नाही. जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच लिहायचं असतं. बातमीचा नियमही जवळपास हाच होता, त्यामुळे मला तो जाचक वाटला नाही. अडचण वासाची होती. वास ना दिसतो, ना ऐकू येतो. कादंबरीत त्यासाठी अकरा पानं होती. पटकथेत एक ओळ राहिली: "तो वास घेतो. चेहरा."

अनुजाला नुसता चेहरा नको होता. तिने आधी माहितीपट केले होते. ती म्हणाली, "नटाचा चेहरा नंतर येईल. सुरुवात खऱ्या माणसाने करू. दोन ड्रम लावू. एकाची वाफ आधी तोडू. महेबूबभाई वासावरून सांगतील, कोणता शिजला. एकदाच घेऊ. अभिनय नको, खरं हवं."

मला ही कल्पना चांगली वाटली. मी ती पटकथेत पहिलं दृश्य म्हणून लिहिली.

शेत किशनराव कदमांचं होतं. हळदही त्यांचीच. किशनराव साठीचे, उंच, खिशात कायम दोन पेनं. त्यांनी आदल्या दिवशी खळं सारवून घेतलं, पाहुण्यांसाठी खुर्च्या आणल्या आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना निरोप पाठवले. मंगळवारी पंचवीसएक माणसं बांधावर उभी होती. महेबूबभाईंची बायको रेहानाभाभी नेहमीप्रमाणे कुकरच्या मागच्या बाजूला होती. अनुजाने दोन ड्रमची गोष्ट महेबूबभाईंना तेव्हाच, सगळ्यांसमोर सांगितली.

त्यांनी ड्रमकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई जमणार, मॅडम."

"काहून हो भाई?" किशनराव म्हणाले. "रोज तर करून राहिले तुमी."

महेबूबभाई वाकून जाळ सारखा करू लागले. बांधावरून कुणीतरी म्हणालं, "रोजा हाय त्याहिचा. वाफ छातीत जाती." सगळ्यांनी माना हलवल्या. अनुजा ओशाळली. तिने माफी मागितली आणि ईदनंतरचा सोमवार ठरवला. त्या दिवशीची हळद महेबूबभाईंनी शिजवली, चारही ड्रम, आणि ती बरोबर शिजली. वीस वर्षं ज्याला दोन स्रोतांशिवाय बातमी द्यायची सवय नव्हती, त्या मी बांधावरून आलेलं एक वाक्य कारण म्हणून मान्य केलं. त्या रात्रीच्या माझ्या टिपणात "रोजामुळे पुढे ढकललं" असं लिहिलेलं आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. पत्र्याची पडवी, पडवीत कुकरचा जुना नळ, खाटेवर महेबूबभाई. रेहानाभाभींनी शीरखुर्म्याची वाटी दिली.

"मॅडम कवा येणार?" महेबूबभाईंनी विचारलं.

"सोमवारी."

"दोन डरम लावूनच?"

"हो."

भाभी दारात उभ्या होत्या. "सांगून टाका की आता," त्या म्हणाल्या. "किती वर्सं मी मागं उभी राहू?"

"अगं, लेखक हायत ते. लिवतील."

"त्याहिनं लिवलं म्हणून तर ही तकलीफ हाय."

महेबूबभाई हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वास येत न्हाई मला, साहेब. तीन वर्सं झाली. ताप आला व्हता, त्यात गेला. अत्तर न्हाई, पेट्रोल न्हाई, काईच न्हाई."

"परवा दूध करपलं," भाभी म्हणाल्या. "मी नळावरून पळत आले. हे चुलीपाशी बसून मोबाइल बघून राहिले व्हते."

"मग ही तीन वर्षं?"

तीन वर्षं काम असं चाललं होतं. महेबूबभाई समोर उभे राहायचे, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचे. मागच्या बाजूने भाभी ड्रमच्या झाकणातून तुऱ्हाटीची काडी आत घालायच्या. तुरीचं वाळलेलं झाड, त्याची तासून टोकदार केलेली, वीतभर लांब काडी. हळकुंडात ती आरपार गेली की त्या काडी जमिनीवर टाकायच्या. महेबूबभाई डोळे किलकिले करून कुकरच्या चाकांमधून ती पडलेली पाहायचे आणि "झाली" म्हणायचे.

मी विचारलं, "आणि त्याआधी? मी पुस्तक लिहिलं तेव्हा?"

"तवा नाक व्हतं. पर नाकावर कोण हळद शिजवतं, साहेब? चार डरम, वाफ एक. कोणत्या डरमचा वास कोणता, कसं कळावं? माझा बाप काडीवाला. मी बी काडीवाला."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कवा? पुस्तक आणून दिलं. मास्तरनं देवळाम्होरं वाचून दाखवलं. लोकं खुश झाले. किशनराव म्हणले, आता काडी ठेवा, नाक लावा, पुस्तकात हाय तसं. लावलं. वास व्हता तवर नाकानं अंदाज, मंग गुपचूप काडी; वास गेला तशी काडी हिच्या हातात."

भाभींनी माझी वाटी पुन्हा भरली. "आता मॅडमला खरं पाह्यजे," त्या म्हणाल्या. "किशनरावच्या मागं आरधं शिवार चालतं. त्याहिनं कुकर बदलला, की समदे बदलतील. बाजूच्या गावात दोन नवे कुकर आले हायत. कुणाला काय पडलंय, काडी कोणाची न् नाक कोणाचं. एकदा म्हणले ना खोटा हाय, तर हळद कोण देईल?"

घरी आल्यावर मी बारा वर्षांपूर्वीची वही काढली. त्या मोसमात मी हळदीवर एक लेखमाला करत होतो आणि महेबूबभाईंबरोबर तीन दिवस फिरलो होतो. नोंदी पेन्सिलच्या आहेत. "महेबूब. तुऱ्हाटीची काडी, दर ड्रमला तीन ठिकाणी. वर, मधे, तळाला. तळाची शेवटी शिजते. उजव्या मनगटावर वाफेचे जुने डाग." पुढे जाळाविषयी, पाण्याविषयी, दोन पानं. वास हा शब्द कुठेही नाही.

तो चार पानं पुढे सापडला. "आई. उंबऱ्यात. ज्वारी निवडत. वासावर सांगते."

कळमनुरीत आमचं घर गावाच्या कडेला होतं. पलीकडच्या शेतात शिजवणी चालायची, तेव्हा कढईची. आई उंबऱ्यात सूप घेऊन बसायची. मधेच हात थांबायचा. "शिजली बग त्याहिची. आता आवाज येईल." सुपात दोन-चार खडे बाजूला पडायच्या आत पलीकडून आवाज यायचा: "झाली!" लहानपणी मला ते जादूसारखं वाटे. नंतर कळलं की तिचं माहेर हळदीचं होतं. ती कधी कढईपाशी गेली नव्हती. बायांनी कढईपाशी जायचं नसे. त्यामुळे तिने ते सगळं लांबून, नाकाने शिकून घेतलं होतं. त्या मोसमात ती आजारी होती आणि मी लेखमालेच्या कामातून दर दोन दिवसांनी कळमनुरीला जात होतो. ज्वारी निवडण्याचं काम तिने सोडलं नव्हतं. त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली. कादंबरी त्यानंतर दोन वर्षांनी आली.

म्हणजे कादंबरीतले हात महेबूबभाईंचे होते आणि नाक माझ्या आईचं. दोन माणसांची एक व्यक्तिरेखा करणं ही आमच्या कामातली रोजची गोष्ट आहे. त्यात काही चोरी नाही, असं मी स्वतः अनेक ठिकाणी बोललो आहे. पण मी त्या व्यक्तिरेखेला गाव खरं दिलं, काम खरं दिलं, मनगटावरचे डाग खरे दिले. गावाने पुस्तक वाचलं आणि बातमीसारखं वाचलं, कारण मला गाव बातमीदार म्हणून ओळखत होतं. रूपांतर म्हणजे कथेचा चित्रपट करणं, अशी माझी समजूत होती. मी पटकथेचं पहिलं पान लिहिलं त्याच्या कितीतरी आधी महेबूबभाईंनी माझ्या कादंबरीचं रूपांतर केलं होतं. दर मोसमात, भर उन्हात, डोळे मिटून. त्यात भाभींची भूमिका पडद्यामागची होती.

दुसऱ्या दिवशी अनुजाला फोन केला. सगळं सांगितलं.

"मग पुस्तकातला वास कुणाचा?" तिने विचारलं.

"माझ्या आईचा."

"हे करारावर सही करायच्या आधी सांगायचं होतं."

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं."

तिने पटकथेची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काडीत काय दिसणार आहे? निर्माते वास वास करून मला खातात."

"हात दिसतील. काडी तळापर्यंत जाताना दिसेल. थांबते ते दिसेल. जाते ते दिसेल."

"आणि वास?"

"काढायचा."

"पूर्ण चित्रपटातून?"

"पूर्ण."

ही गोष्ट मी सहज म्हणालो असं नाही. वास काढला की आई निघत होती. अनुजाला ते कळलं असावं. ती म्हणाली, "आईंचं एक स्वतंत्र दृश्य लिहा. उंबरा, सूप, आवाज. दिवस उरला तर घेऊ." मी ते त्याच रात्री लिहिलं. दीड पान झालं. त्यात आई काही बोलत नाही. फक्त तिचा हात थांबतो, आणि मग लांबून आवाज येतो. वास हा शब्द त्यात लिहावा लागला नाही.

महेबूबभाईंना मी सांगितलं की आता काडीचं दृश्य आहे, नाकाविषयी कुणाला काही सांगायची गरज नाही. लोकांनी विचारलं तर मॅडमने असं करायला सांगितलं म्हणा. त्यांनी ऐकून घेतलं. "बराबर," म्हणाले. त्या एका शब्दातून त्यांनी काय ठरवलं ते मला कळलं नाही.

सोमवारी बांधावर आधीपेक्षा जास्त माणसं होती. ऊन वाढलं होतं. कडेचा पळस झडून गेला होता. कॅमेरा ड्रमपासून चार फुटांवर लावला होता. महेबूबभाईंनी झाकण उचललं, वाफ तोंडावर आली, त्यांनी मान एका बाजूला केली आणि खिशातून काडी काढली.

"आज नाकाला सुट्टी का, भाई?" किशनराव बांधावरून ओरडले. लोक हसले.

"कट," अनुजा म्हणाली.

मला उत्तर माहीत होतं: मॅडमने सांगितलं म्हणा. महेबूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. झाकण परत ठेवलं, खांद्यावरच्या रुमालाने हात पुसले.

"नाकाला कायमची सुट्टी हाय, रावसाहेब. तीन वर्सं झाली. वास येत न्हाई मला."

कुणी हसलं नाही.

"मंग आमची हळद?" किशनराव म्हणाले.

"काडीनं शिजली. तिच्या काडीनं." त्यांनी मागे हात केला. भाभी कुकरच्या मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातात दुसरी काडी होती. ती त्यांनी लपवली नाही.

"तीन वर्सं तुमी डोळे मिटून उभे?"

"उभा. तुमाला तसंच पाह्यजे व्हतं."

किशनराव बांधावरून खाली आले. खळ्यावर सकाळचा ढीग पसरलेला होता. वाकून त्यांनी त्यातलं एक हळकुंड उचललं, दोन्ही अंगठ्यांनी मोडलं, आतला रंग बघितला. मग दोन्ही तुकडे खिशात, पेनांच्या शेजारी टाकले आणि घराकडे निघून गेले. चांगलं का वाईट, एक शब्द बोलले नाहीत. बाकीचे लोकही हळूहळू पांगले.

अनुजाने दृश्य घेतलं. एकदाच घ्यावं लागलं. तळाला काडी दोनदा थांबली, तिसऱ्यांदा गेली. आईच्या दृश्यासाठी दिवस उरला नाही. ते दीड पान फाईलमध्ये आहे.

त्यानंतर वर्षभर मला या गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. संपादन सुरू होतं, अनुजाचे फोन येत होते. पहिल्या दृश्यानंतर काय, यावर आम्ही पुष्कळ बोललो. तिला नायकाला शेवटी गावाने स्वीकारलेलं हवं होतं. मी म्हटलं, ते मला माहीत नाही. ती म्हणाली, कादंबरीत तर लिहिलंय. मी म्हटलं, कादंबरीत वासही लिहिला होता. शेवटी चित्रपट काडी तळाला जाते तिथेच संपतो. तो अजून प्रदर्शित झालेला नाही.

मधल्या काळात मी महेबूबभाईंकडे दोनदा गेलो. पावसाळ्यात ते टाकीची गळती झाळून बंद करत होते. दिवाळीनंतर ड्रमला रंग लावत होते. काम आलं का, असं मी विचारलं नाही. भाभींनी आपणहून सांगितलं, "आजून कुणी बोललं न्हाई." हळद जमिनीत होती. शिजवणीसाठी कुकर सांगून ठेवायची वेळ आली नव्हती. बाजूच्या गावातले दोन कुकर मात्र याच रस्त्याने ये-जा करताना दिसत होते. एकावर नवी पाटी होती.

गेल्या आठवड्यात मी किशनरावांच्या शिवारात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. लांबून वाफ दिसत होती. कुकर कोणाचा ते दिसत नव्हतं, म्हणून गाडी रस्त्यावर ठेवून बांधाने चालत गेलो. टाकीवर दिवाळीनंतर लावलेला हिरवा रंग होता.

महेबूबभाई जाळापाशी बसले होते. किशनराव खुर्चीत होते. मला पाहून म्हणाले, "या साहेब. लिवायला आले का?"

"बघायला आलो."

"बघा मंग. पर आता काही बाही लिवू नका. आमाला तसं करावं लागतं."

त्यांनी खिशातून एक काडी काढून दाखवली. तुऱ्हाटीची, नीट तासलेली. "माझी बी हाय," म्हणाले. "त्याहिनं म्हणलं की मंग मी टोचून बघतो."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

किशनरावांनी हनुवटीने कुकरकडे दाखवलं.

रेहानाभाभी या वेळी समोरच्या बाजूला होत्या. ओढणी कमरेला खोचलेली. त्यांनी पहिल्या ड्रमचं झाकण उचललं, वाफ जाऊ दिली, काडी वर टोचली, मधे टोचली, मग कोपरापर्यंत हात नेऊन तळाला. महेबूबभाई जाळापाशी बसूनच होते. गडी ड्रमला हात लावून थांबले होते. बांधावर सहा माणसं होती.

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. रेहानाभाभी म्हणाल्या, "झाली."

गड्यांनी ड्रम उलटा केला.